चेंडू कुठं जाणार, हे आधी सांगू नका

३० ऑक्टोबर २०२४, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना. पाचवी इनिंग सुरू झाली तेव्हा न्यूयॉर्क यँकीज ५-० असे पुढं होते आणि त्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोल यानं तोवर एकही हिट दिली नव्हती. मग सेंटर फील्डवर आरन जजच्या हातून सरळसोट झेल सुटला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू) अँथनी वोल्पीची तिसऱ्या बेसकडची फेक चुकली. तरीही कोलनं दोघांना स्ट्राइकआउट केलं. त्यानंतर मूकी बेट्सनं मारलेला, फिरकी घेत आलेला ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) पहिल्या बेसच्या अँथनी रिझोनं बेसपासून दूर अडवला. आता पिचरनं धावत जाऊन पहिला बेस गाठायचा आणि रिझोची फेक घ्यायची, एवढंच उरलं होतं. कोल वाटेतच थांबला. बेट्स सेफ, म्हणजे नाबाद. त्या एका इनिंगमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी पाच धावा काढून बरोबरी साधली, पुढं सामना ७-६ असा जिंकला आणि त्यासोबत विजेतेपदही.

पिचरनं पहिला बेस गाठणं हा बेसबॉलमधला अगदी बाळबोध सराव. शाळकरी संघही तो करतात, आणि व्यावसायिक संघ दरवर्षी फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंगची सुरुवात त्यानंच करतात. मग वर्षानुवर्षं घोटलेली गोष्ट ऐनवेळी निसटते कशी? चेंडूकडे जाताना कोन चुकला, तो किती जोरात येतोय याचा अंदाज आला नाही, अशा आशयाचं कोल सामन्यानंतर बोलला. म्हणजे पाय कमी पडले नव्हते, चेंडू ओळखण्यात गफलत झाली होती. आणि नेहमीच्या ड्रिलमध्ये नेमकी हीच ओळख वगळलेली असते. पिचर माउंडवर (चेंडू टाकायच्या उंचवट्यावर) रांग लावतात, एकेक जण चेंडू टाकल्याचं नाटक करतो, प्रशिक्षक उजवीकडे ग्राउंडर मारतो, पिचर पळतो. चेंडू उजवीकडेच जाणार हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही माहीत असतं. सराव होतो तो फक्त धावण्याचा.

संघाच्या बचावाचा सराव कसा घ्यावा, यावर माझं मत साधं आहे. दर मिनिटाला प्रत्येक खेळाडूला किती निर्णय घ्यावे लागले, यावर सरावाची प्रत ठरवावी. किती चेंडू मारले किंवा सराव बघायला किती देखणा होता, यावर नाही.

आधी वेळेचा हिशोब. होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) ते पहिला बेस हे अंतर ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. मेजर लीगमधला सर्वसाधारण उजवा बॅटर ते सुमारे ४.३ सेकंदांत कापतो. डावा पहिल्या बेसच्या बाजूला उभा राहत असल्यामुळे साधारण ४.२ सेकंदांत. शॉर्टस्टॉप नेहमीच्या जागी उभा असेल तर पहिला बेस त्याच्यापासून ३६ मीटरच्या आसपास येतो. हातातून ताशी १३० किलोमीटरनं सुटलेली फेक तिथं पोचायला १.१ सेकंदाच्या थोडं वर घेते. उरले जेमतेम ३.२ सेकंद. त्यात ग्राउंडर त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे, ग्लोव्हमध्ये बसला पाहिजे, उघड्या हातात आला पाहिजे आणि पाय रोवून सुटला पाहिजे. चेंडू ग्लोव्हमध्ये अर्धा सेकंद चाचपडला, तर सेकंदाला ८ मीटरनं पळणारा रनर तेवढ्यात ४ मीटर पुढं सरकलेला असतो.

म्हणून सरावाच्या मैदानावरचं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन मला स्टॉपवॉच वाटतं. बॅटच्या आवाजाला सुरू करायचं, पहिल्या बेसच्या ग्लोव्हमधल्या आवाजाला बंद. सफाईदार दिसणारी पण ४.६ सेकंद घेणारी कृती म्हणजे सेफ रनर. लहान मुलांना हे आकडे अर्थातच लागू नाहीत. लिटल लीगमध्ये बेसमधलं अंतर ६० फूट असतं. तिथं आपल्याच संघातली मुलं किती वेळात पहिला बेस गाठतात ते मोजावं आणि तीच मुदत धरावी.

आता रांगा. एकच प्रशिक्षक फंगो बॅटनं (सरावासाठीची लांब, हलकी बॅट) दर २० सेकंदांनी एक चेंडू मारतोय, असं समजा. ४० मिनिटांत १२० चेंडू झाले. १२ खेळाडूंत वाटले की प्रत्येकी १०. बाकीचा वेळ उभं राहण्यात गेला. उपाय म्हणजे एकाच वेळी दोन-तीन चेंडू खेळात ठेवणं. शॉर्टस्टॉप आणि दुसऱ्या बेसचा खेळाडू मध्यभागी डबल प्लेची (एकाच चेंडूवर दोघांना आउट करण्याची) पहिली अर्धी कृती करतात, म्हणजे फेक दुसऱ्या बेसवरच संपते. त्याच वेळी पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या खेळाडूंना आपापल्या फाउल लाइनीलगत चेंडू मिळतात, ते चेंडू मारणाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे परत फेकतात. अट एकच, कोणत्याही दोन चेंडूंच्या वाटा एकमेकींना छेदता कामा नयेत. ही अट मोडली की सराव संपतो आणि प्रथमोपचार सुरू होतो.

पण हे झाले सुटे भाग. नऊ जणांचा एकत्र सराव वेगळा, आणि तिथं शिकण्याच्या शास्त्रातली एक जुनी, जरा उलटी वाटणारी गोष्ट कामाला येते. १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी हातांच्या हालचालींचे काही क्रम लोकांना दोन प्रकारे शिकवले. एका गटाला एक क्रम पूर्ण घोटून मगच दुसरा, तर दुसऱ्या गटाला सगळे क्रम सरमिसळ करून. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. नंतरच्या चाचणीत मात्र सरमिसळवाल्यांनी बाजी मारली. १९९४ मध्ये केली हॉल आणि सहकाऱ्यांनी हेच बेसबॉलच्या मैदानावर नेलं. कॉलेजच्या बॅटरना आठवड्यातून दोनदा जादा सराव दिला, दर वेळी ४५ चेंडू: १५ फास्टबॉल, १५ कर्व्हबॉल, १५ चेंज-अप. ज्यांना प्रकारवार सलग चेंडू मिळाले ते सहा आठवड्यांनी सुमारे २५ टक्के सुधारले, ज्यांना उलटसुलट मिळाले ते सुमारे ५७ टक्के.

हा प्रयोग फलंदाजीचा होता, बचावाचा नाही, हे विसरू नये. शिवाय ज्याला ग्लोव्ह कसा उघडा ठेवायचा हेच कळत नाही, त्याला आधी सलग वीस सोपे चेंडू मिळालेच पाहिजेत. पण हात बसल्यानंतरही प्रशिक्षक ‘आता तिसऱ्या बेसला पाच, मग शॉर्टला पाच’ असं चालू ठेवतात, कारण तसा सराव नेटका दिसतो आणि पालक कुंपणाबाहेरून बघत असतात. सरमिसळ सरावात चेंडू सुटतात, फेका भरकटतात, आरडाओरडा होतो. तो गोंधळ सहन करण्याची तयारी प्रशिक्षकाकडे हवी.

गोंधळालाही मात्र मर्यादा आहे. पर्याय वाढले की माणसाची प्रतिक्रिया मंदावते, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये मोजून दाखवलं होतं. चेंडू हातात आल्यावर ‘पहिला, दुसरा की होम?’ असा विचार सुरू झाला, तर वर मांडलेल्या हिशोबात त्याला जागाच नाही. चांगले इनफिल्डर (बेसजवळचे बचावपटू) हा विचार पिचरचा हात हलण्याआधी संपवतात: एक आउट, पहिल्या बेसवर रनर, चेंडू जोरात आला तर दुसऱ्या बेसला, हळू आला तर पहिल्याला. सरावात म्हणूनच प्रशिक्षकानं परिस्थिती मोठ्यानं सांगावी, किती आउट, रनर कुठं, पण चेंडू कुठं मारणार हे कधीच सांगू नये. सामन्यातही खेळाडूला बरोबर एवढंच माहीत असतं.

आणि प्रत्येक चेंडूवर नऊच्या नऊ जण हलले पाहिजेत. शॉर्टस्टॉपकडे साधा ग्राउंडर गेला तरी राइट फील्डर पहिल्या बेसच्या मागं आधाराला धावतो; बेस रिकामे असतील तर कॅचरही (होम प्लेटमागचा खेळाडू) रनरच्या पाठोपाठ त्या दिशेला पळतो. बहुतेक वेळा या धावण्याचा काही उपयोग होत नाही. म्हणूनच सरावात तेच पहिल्यांदा गळतं.

रिलेची, म्हणजे मध्ये एका खेळाडूच्या हातून पुढं जाणारी फेक हा माझ्या मते सांघिक बचावातला सर्वांत रंजक भाग, कारण त्यात हवेशी वाटाघाट आहे. आउटफिल्डच्या (बेसपलीकडच्या मैदानाच्या) खोल भागातून होम प्लेट ८० मीटरवर आहे असं धरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे जोरदार फेक सुरुवातीलाच सगळ्यात जास्त वेग गमावते. बेसबॉलचं वजन सुमारे १४५ ग्रॅम आणि व्यास सुमारे ७.३ सेंटीमीटर धरून गणित केलं, तर ८० मीटरनंतर चेंडूच्या वेगातला सुमारे दोन-पंचमांश भाग हवेनं खाल्लेला असतो. मध्ये कट-ऑफचा (फेक वाटेत झेलणारा) खेळाडू ठेवून दोन तुकडे केले की दोन्ही फेका ताज्या वेगानं जातात, पण झेलून वळून फेकायला पाऊण सेकंद तरी लागतो. आकडेमोड केली की दोन्ही मार्गांचा वेळ जवळपास सारखाच येतो! रिलेचा खरा फायदा अचूकतेत आहे. हात २ अंशांनी चुकला, तर ८० मीटरवर चेंडू जवळजवळ ३ मीटर बाजूला पडतो. ४० मीटरवर दीड मीटरही नाही, आणि तेवढं मधला माणूस पाऊल टाकून सावरतो. शिवाय होमवरचा रनर सुटलाच आहे असं दिसलं, तर तो फेक अडवून दुसऱ्याच बेसवरचा रनर टिपू शकतो. तेव्हा कट-ऑफच्या सरावात दर वेळी होमलाच फेक संपवू नका. ‘कट, दोन!’ (फेक अडव, दुसऱ्या बेसला टाक) अशी कॅचरची हाक ऐनवेळी यायला हवी.

कट-ऑफच चुकला तर? १३ ऑक्टोबर २००१, यँकीज आणि ओकलंड. राइट फील्डमधून शेन स्पेन्सरची फेक दोन्ही कट-ऑफच्या डोक्यावरून गेली. शॉर्टस्टॉप डेरेक जीटर मैदान ओलांडून पहिल्या बेसच्या लाइनीवर पोचला, धावत्या अंगानं चेंडू कॅचर होर्हे पोसाडाकडे ढकलला आणि ओकलंडचा रनर जेरेमी जियांबी होमवर आउट झाला. यँकीज १-० नं जिंकले. अशा फेकीसाठी तिसरा माणूस कुठं असावा, याचा सराव संघानं केला होता, असं जीटर सांगतो.

उंच चेंडूंचं प्रकरण थोडं निराळं. आउटफिल्डर चेंडू कुठं पडेल याचं गणित करत नाही. चेंडूकडे बघण्याचा कोन एका ठरावीक रीतीनं वाढत राहील अशा बेतानं तो पळतो. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये ही कल्पना मांडली आणि पुढं तिच्यात बरीच भर पडली. सरावाच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट अशी की नजर चेंडूला बांधलेली असते. दोघं एकाच चेंडूखाली आले, तर दोघांनाही एकमेक दिसत नाहीत. कान तेवढे मोकळे असतात. म्हणून हाक ठरलेली हवी आणि हक्कही ठरलेला: सेंटर फील्डर सगळ्यांच्या वर, पुढं धावत येणारा आउटफिल्डर मागं धावणाऱ्या इनफिल्डरच्या वर. प्रशिक्षकानं चेंडू मुद्दाम तिघांच्या मधोमध उडवावा.

राहता राहिला खांदा आणि कोपर. सांघिक सराव लांबला की फेका मोजायच्या राहून जातात, आणि दमलेला हात कोपराच्या आतल्या लिगामेंटवर ताण टाकतो. १९७४ मध्ये फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर त्याचीच शस्त्रक्रिया केली होती. कट-ऑफच्या जागा, बंटवर (बॅटनं चेंडू हळूच जवळ टेकवल्यावर) कोण कुठं धावणार, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असताना कोण काय करणार, हे सगळं चेंडूशिवायही घेता येतं. प्रशिक्षक परिस्थिती सांगतो, मग हातानं मैदानातली एक जागा दाखवतो आणि नऊ जण पळतात. दहा सेकंदांत एक प्रसंग उरकतो, हातावर शून्य भार. आणि पिचर पहिल्या बेसकडे निघाला की नाही, हे लगेच दिसतं.