ताप उतरवायची एवढी घाई कशाला?

सुट्टी लागते, यंदा कुठे जायचं नाही, घरीच निवांत राहायचं असं ठरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोरगं तापाने फणफणतं. मग घरात चौकशी समिती बसते, आई म्हणते एसी जास्त झाला, बाबा म्हणतात उन्हात खेळला, आजीचं तिसरंच काहीतरी असतं. खरं कारण बहुतेक वेळा सुट्टीच्या आधीच घरात शिरलेलं असतं. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस अंगात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १ ते ३ दिवस घेतो, फ्लूचा १ ते ४, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दिवशी शेजारी बसून शिंकणाऱ्या मित्राचा तो प्रसाद. लहान मुलांना वर्षातून ६-८ वेळा सर्दी होणं नॉर्मल धरतात, त्यातली एखादी सुट्टीत येणारच.

पण घर हादरतं ते सर्दीने नाही, थर्मामीटरने. १०१ झाला, १०२ झाला, आता १०२.८, आणि प्रत्येक आकड्याला बाटलीतलं औषध पुढे येतं. म्हणून आधी हा आकडा नक्की काय सांगतो ते बघू.

९८.६ हे 'नॉर्मल' आपल्याकडे आलं ते जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांकडून. त्यांनी सुमारे २५,००० पेशंटच्या काखेतलं तापमान मोजून १८६८ मध्ये पुस्तक काढलं आणि ३७ अंश सेल्सिअस हा आकडा रूढ झाला. त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि रीडिंगला १५-२० मिनिटं लागायची (तापलेल्या पोराला तेवढा वेळ काखेत काचेची नळी धरून बसवायचं म्हणजे दिव्यच). साधारण त्याच सुमारास इंग्लंडमधल्या थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर बनवला, आणि ताप मोजणं सोपं झालं. गंमत म्हणजे हे ९८.६ काही दगडावरची रेघ नाही. पहाटे शरीर सगळ्यात गार असतं आणि संध्याकाळी सगळ्यात गरम, फरक साधारण अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास एक अंश फॅरनहाइट. सकाळी उतरलेला ताप संध्याकाळी परत चढला की आपण घाबरतो, पण त्यात थोडा वाटा या रोजच्या चढउताराचाही असतो. ताप म्हणायचा तो साधारण १००.४ म्हणजे ३८ सेल्सिअसपासून पुढे.

आता मुख्य गोष्ट. ताप व्हायरस चढवत नाही, आपलं शरीरच चढवतं, तेही मुद्दाम. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एवढासा भाग असतो, तो गीझरच्या थर्मोस्टॅटसारखा तापमान एका ठिकाणी धरून ठेवतो. जंतू आत आले की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन नावाची प्रथिनं रक्तात सोडतात, त्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं आणि हायपोथॅलॅमसची सेटिंग वर सरकते. समजा ९८ वरून १०२ वर. आता शरीर असतं ९८-९९ वर आणि मेंदूला हवंय १०२, म्हणजे मेंदूच्या हिशोबाने आपण गारठलोय! म्हणून ताप चढताना पोराला थंडी वाजते, हातपाय बर्फासारखे आणि कपाळ तापलेलं, कारण उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. सेटिंग परत खाली आली की उलटा कारभार, रक्तवाहिन्या मोकळ्या, दरदरून घाम, आणि पोरगं पांघरूण लाथाडतं.

हे एकदा कळलं की गार पाण्याने अंग पुसणं का फसतं तेही कळतं. कातडी गार होते पण सेटिंग १०२ लाच असते, मग शरीर आणखी जोरात कुडकुडून तापमान परत वर नेतं आणि पोरगं रडून रडून हैराण होतं. कपाळावर ओली पट्टी त्याला बरी वाटत असेल तर जरूर ठेवा, ताप पळवायला म्हणून नको. थंडी वाजत असताना पांघरूण, घाम आल्यावर हलके कपडे, एवढं साधं. (उन्हाने अंग तापतं ते प्रकरण वेगळं, तिथे सेटिंग वर गेलेलीच नसते, तिथे तापाचं औषध उपयोगाचं नाही आणि शरीर ताबडतोब गारच करावं लागतं.)

बरं, शरीर एवढा उद्योग करतं कशाला? एक अंश सेल्सिअस ताप वाढवायचा तर शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो, फुकटात काही होत नाही. याचं सगळ्यात मस्त उत्तर सरड्यांनी दिलंय. सरडे थंड रक्ताचे, त्यांना आतून ताप आणता येत नाही, पण वाळवंटी इग्वानाला जंतूंचं इंजेक्शन दिलं की तो स्वतःहून जास्त गरम जागी जाऊन बसतो! मॅथ्यू क्लुगर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये पुढचा प्रयोग छापला, असे आजारी इग्वाना वेगवेगळ्या ठरावीक तापमानांना ठेवले, तर ४२ अंश सेल्सिअसला ठेवलेले बहुतेक जगले आणि ३४ ला ठेवलेले बहुतेक मेले. माणूस सरडा नाही हे कबूल, पण माशांपासून माणसापर्यंत एवढे प्राणी आजारात तापमान वाढवतात ते उगाच नसणार. ऱ्हायनोव्हायरसलाही नाकातलं ३३ ते ३५ अंशांचं गार वातावरण जास्त मानवतं, ३७ च्या वर त्याचं तितकं फावत नाही.

आजारी पोरगं खात नाही, खेळत नाही, नुसतं मांडीवर पडून राहतं, यामागेही तीच इंटरल्युकिनं असतात. बेंजामिन हार्ट या प्राण्यांच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये मांडलं की हा अशक्तपणाचा साइड इफेक्ट नाही, ही शरीराची ऊर्जा वाचवायची पद्धत आहे. त्यामुळे घास कोंबायचा हट्ट दोन दिवस सोडला तरी चालतं. पाण्याचा मात्र सोडायचा नाही, तापात पाणी जास्त जातं, घोट घोट का होईना पाजत राहायचं.

मग पॅरासिटामॉल द्यायचं की नाही? द्यायचं की, पण पोराकडे बघून, आकड्याकडे बघून नाही. हे औषध मेंदूत प्रोस्टाग्लँडिन बनणं कमी करतं आणि सेटिंग खाली येते, अंगदुखी कमी होते, पोराला बरं वाटतं, आजार मात्र त्याच्या वेळेनेच जातो. १०२ असून पोरगं ब्लॉक्स खेळत असेल तर घाई नाही, १०० ला कण्हत असेल तर द्या. आणि शांत झोपलेल्या पोराला डोस द्यायला उठवणं मला तरी अजिबात पटत नाही. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर आणि दिवसाच्या मर्यादेत. त्यात ड्रॉप्स आणि सिरपची ताकद वेगळी असते, बाटली बदलली की चमच्याचा हिशोबही बदलतो, त्यामुळे एकदा डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घेतलेलं बरं. अॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही, फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये त्याने राइज सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो.

'ताप डोक्यात जाईल' ही भीतीही घरोघरी असते. १९८० मध्ये बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी पालकांच्या या धास्तीला 'फिव्हर फोबिया' असं नावच दिलं. इन्फेक्शनच्या तापाला मेंदू स्वतःच लगाम घालतो, तो क्वचितच १०६ च्या पुढे जातो. तापात झटके येतात हे खरं, ६ महिने ते ५ वर्षांच्या शंभरातल्या २ ते ५ मुलांना येतात, बघणाऱ्याचा जीव जातो पण बहुतेक झटके काही मिनिटांत थांबतात आणि मागे काही ठेवून जात नाहीत. ताप उतरवत राहिल्याने ते टळतात असंही दिसलेलं नाही. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांच्या वर गेला तर लगेच हॉस्पिटल, आणि पहिलाच झटका असेल तर थांबला तरी दाखवायचंच.

खरी घाई करायची ती इथे: बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा वर, तर थांबायचं नाही, आकडा लहान वाटला तरी. मोठं मूल असेल तर श्वास घ्यायला त्रास, उठवून नीट न उठणं, मान ताठ होणं, दाबल्यावर न जाणारे लालजांभळे डाग, कितीतरी तास शू न होणं, यातलं काहीही दिसलं तर ताप ९९ असो की १०४, निघायचं. आणि ताप ३ दिवस उलटूनही तसाच असेल तर तेव्हाही डॉक्टरांना दाखवायचं. यातलं काहीच नसेल तर पाणी, झोप आणि आपण जवळ, आणि औषधाशिवाय ताप नसल्याचे पूर्ण २४ तास होईपर्यंत बाकीच्या पोरांमध्ये खेळायला सोडायचं नाही.