ह्यूस्टन की डॅलस? एका गावात घर पाण्यापासून वाचवायचं, दुसऱ्यात घरालाच पाणी घालायचं

मागच्या महिन्यात मावसभावाचा मेसेज आला, "ताई, दोन ऑफर आहेत, एक ह्यूस्टनची एक डॅलसची, पगार जवळपास सारखाच, दोन्ही टेक्सासमधेच ना, मग फरक काय?" हा प्रश्न मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो, कारण मी सहा वर्षं ह्यूस्टनच्या केटीत काढली आणि आता पाचेक वर्षं डॅलसच्या वर फ्रिस्कोला आहे, आणि खरं सांगू का, घरच्यांनाही मी नक्की कुठे असते ते अजून कळलेलं नाही, काकू अजून "ह्यूस्टनला थंडी पडली का गं" असंच विचारतात. त्यांची काही चूक नाही. दोन्हीकडे मैलोनमैल सपाट जमीन, पुलावर पूल, जुलैत अंगाची लाही, गाडीशिवाय दुधाची पिशवीसुद्धा आणता येत नाही, स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणून आनंदाने यायचं आणि मग प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघून गप्प बसायचं. मधे आय-४५ हायवे, साधारण २४० मैल, म्हणजे आपलं मुंबई ते कोल्हापूर.

आधी मोठं कोण तो वाद मिटवू, कारण त्यावर दोन्हीकडचे लोक हिरिरीने भांडतात आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात. २०२०च्या जनगणनेत ह्यूस्टन शहर २३ लाख, अमेरिकेत चौथं, आणि डॅलस शहर १३ लाख, नववं. पण आजूबाजूची गावं धरून मोजलं की उलटं होतं, डॅलस-फोर्टवर्थ मिळून ७६ लाख आणि ह्यूस्टन ७१ लाख. म्हणजे ह्यूस्टन हे एक अवाढव्य शहर आहे आणि डॅलस हा गावांचा गुच्छ, डॅलस, फोर्टवर्थ, आर्लिंग्टन, अर्व्हिंग, प्लेनो, फ्रिस्को, कोण कुठे संपतं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. "मी डॅलसला राहतो" म्हणणारे आपले बहुतेक लोक डॅलसमधे राहतच नाहीत. तेव्हा तुलना करायचीच तर केटी-शुगरलँडची फ्रिस्को-अर्व्हिंगशी करा, डाउनटाउनचे फोटो बघून नको.

आता मुद्द्याचं. माझ्या मते या दोन गावांतला खरा फरक पाण्याचा आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

ह्यूस्टन समुद्राजवळ, जवळपास समुद्राच्याच पातळीवर, आणि गावभर बायू म्हणजे संथ, गढूळ ओढे पसरलेले. हवा डिट्टो मुंबईची, घराबाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते. पाऊस वर्षाला ५० इंचांच्या आसपास, पण तो मेला कधी आणि किती एकदम येईल याचा नेम नाही. ऑगस्ट २०१७ मधे हार्वे वादळ येऊन गावावर ठाण मांडून बसलं आणि चारेक दिवसांत कित्येक भागांत ४० इंचांच्या वर पाऊस झाला. ज्यांनी मुंबईत २६ जुलै बघितलाय, ९४४ मिलिमीटर एका दिवसात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि यातली एक गोष्ट नवीन घर घेणाऱ्याला एजंट आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून सांगते. केटीच्या बाजूला अ‍ॅडिक्स आणि बार्कर नावाची दोन धरणं आहेत, १९४०च्या दशकात डाउनटाउन वाचवायला बांधलेली, पण एरवी ती कोरडीच असतात, आत बागा, फुटबॉलची मैदानं, सायकलचे रस्ते, त्यामुळे बघणाऱ्याला ते धरण आहे असं वाटतच नाही. पुढे गाव वाढत गेलं आणि पाणी तुंबलं तर जिथपर्यंत येऊ शकतं त्या पट्ट्यातही कॉलन्या उभ्या राहिल्या. हार्वेत धरणं भरली, मागच्या घरांत पाणी शिरलं, मग दरवाजे उघडले तर खालच्या घरांत शिरलं. आमच्या गल्लीत पाणी गॅरेजच्या उतारापर्यंत येऊन थांबलं, आम्ही नशीबवान, दोन गल्ल्या सोडून मैत्रिणीकडे कमरेएवढं होतं आणि पुढचे तीन महिने ती माणसं वरच्या मजल्यावर इंडक्शनवर स्वयंपाक करत होती.

तेव्हा ह्यूस्टनला घर बघताना किचन-बिचन नंतर बघा, आधी फ्लड मॅप बघा, आणि घर मॅपवरच्या पुराच्या पट्ट्याबाहेर असलं तरी शेजाऱ्याला विचारा की हार्वेत पाणी कुठपर्यंत आलं होतं. फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो, घराच्या नेहमीच्या इन्शुरन्समधे पूर येत नाही, आणि सरकारी पॉलिसी घेतल्यावर साधारण ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे टीव्हीवर वादळ दिसल्यावर पळापळ करून उपयोग नाही. वर वीज जाते ते वेगळंच. जुलै २०२४ मधे बेरिल आलं, वादळ म्हणून फार मोठं नव्हतं, तरी वीस लाखांच्या वर ग्राहक अंधारात, आणि काहींकडे आठवडाभर, ह्यूस्टनच्या जुलैत, एसीशिवाय.

आता डॅलस. समुद्र लांब, हवा कोरडी, पाऊस कमी, घाम आला तर वाळतो तरी. मी इथे आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांनी विचारलं, "घराला पाणी घालता की नाही?" मला वाटलं लॉनबद्दल म्हणतायत. नाही, घराला! त्याचं असं की डॅलसच्या खाली काळी चिकणमाती आहे, अगदी आपल्या मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या जमिनीसारखी, भिजली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. आपल्याकडे त्या भेगांत शेतकऱ्याचा पाय जातो, इथे त्या मातीवर काँक्रीटची लादी टाकून तीन हजार स्क्वेअर फुटांचं घर उभं केलेलं असतं. माती एका बाजूने आक्रसली की लादी हलते, मग दारं लागत नाहीत, भिंतीला तिरप्या चिरा जातात. म्हणून घराच्या भोवतीने, पायापासून फूटभर लांब, भोकं असलेला पाइप टाकायचा आणि उन्हाळाभर हळूहळू पाणी सोडायचं, म्हणजे माती सगळीकडे सारखी ओली राहते. चिकणमाती ह्यूस्टनलाही आहे आणि दुष्काळाच्या वर्षी तिथेही पाये हलतात, पण एरवी ओल असल्याने एवढं करावं लागत नाही. आणि कहर म्हणजे डॅलसच्या वरपासून खाली सॅन अँटोनिओपर्यंत जो काळ्या मातीचा पट्टा जातो त्यातली एक माती टेक्सासची राज्य-माती मानली जाते, आणि तिचं नाव काय तर ह्यूस्टन ब्लॅक. आता बोला.

डॅलसला वरून येतात त्या गारा. मार्च ते मे. लिंबाएवढ्या पडल्या की गाडीच्या बॉनेटवर देवीचे व्रण, छपराची कौलं फुटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून रूफिंगवाले दारावर टकटक करायला हजर, अगदी भाजीवाल्यासारखे. इन्शुरन्स घेताना गारांचं डिडक्टिबल बघा, ते बऱ्याचदा घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यात असतं, दोन टक्के वाचताना किरकोळ वाटतं, पण ते पाच लाख डॉलरच्या विम्याचे दहा हजार डॉलर असतात, तेवढे आधी आपण भरायचे. शिवाय टोर्नेडो, म्हणजे जमिनीवरून गरगरत येणारा वाऱ्याचा भोवरा. हिवाळ्यात एक-दोनदा रस्त्यावर काचेसारखा बर्फ, तेव्हा सगळे घरी. फेब्रुवारी २०२१ चं ते गाजलेलं हिमवादळ मात्र दोन्ही गावांना सारखंच बसलं, टेक्सासचं ग्रिडच झोपलं, त्यात तुलना नाही.

बघायला कुठे काय? पाहुणे दोनच दिवस असतील तर मी आजही ह्यूस्टनच म्हणते. नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरला सॅटर्न फाइव्ह हे चांद्रमोहिमांचं रॉकेट आडवं ठेवलंय, खरं, उड्डाणासाठीच बनवलेलं, त्याच्या शेजारून चालत जायला वेळ लागतो, माझे बाबा त्या इंजिनांच्या तोंडाशी दहा मिनिटं नुसते उभे होते. आणि अपोलोचं जुनं मिशन कंट्रोल २०१९ मधे पुन्हा तेव्हाच्यासारखं केलंय, अ‍ॅशट्रे आणि कॉफीच्या कपांसकट. म्युझियम डिस्ट्रिक्टला दोन दिवस कमी पडतात, मेनिल कलेक्शन तर फुकट आहे आणि तिथे गर्दी नसते, मला तिथे एकटं जायला आवडायचं. स्टॅफर्डचं स्वामिनारायण मंदिर, २००४ चं, दगड भारतात कोरून आणून इथे जोडलेला. तासाभरावर गॅल्व्हेस्टनचा समुद्र, पण पाणी तपकिरी, गोव्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

डॅलसमधे बघायचं म्हणजे मुख्यतः डीली प्लाझा, जिथे २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींना गोळी घातली. गोळी जिथून झाडली त्या पुस्तकांच्या गोदामाचा सहावा मजला आता म्युझियम आहे, खिडकीचा कोपरा काचेआड तसाच ठेवलाय, आणि शेजारच्या खिडकीतून खालचा रस्ता बघितला की अंतर किती कमी होतं ते जाणवतं, पोटात कसंतरी होतं. वसंतात आर्बोरेटम नावाच्या बागेत फुलं, शरदात तिथेच भोपळ्यांची घरं. पण डॅलसची खरी मजा डॅलसबाहेर, फोर्टवर्थला. तिथे स्टॉकयार्ड्समधे, म्हणजे गुरांच्या जुन्या बाजारात, रोज दोन वेळा लांब शिंगांचे बैल रस्त्यावरून नेतात, आमच्या आईला पोळ्याची आठवण आली, "सजवलं असतं तर बरं दिसलं असतं" म्हणाली. आणि तिथलंच किम्बेल म्युझियम, लुई कान यांचं, म्हणजे अहमदाबादचं आयआयएम ज्यांनी केलं तेच, १९७२ चं, छतातून उजेड असा झिरपतो की चित्रं बाजूला राहतात आणि माणूस वरच बघत बसतो.

कल्पना चावला मात्र दोन्ही गावांच्या. मास्टर्स डॅलसच्या शेजारच्या आर्लिंग्टनला, १९८४ मधे, आणि पुढे नासाची नोकरी ह्यूस्टनला.

रोजच्या राहण्यात डॅलसची उपनगरं ह्यूस्टनपेक्षा नीटनेटकी वाटतात, आणि त्याला कारण आहे. ह्यूस्टनमधे झोनिंग, म्हणजे कुठे घरं आणि कुठे दुकानं हे ठरवणारा नियम, नाही, मतदारांनी ते १९४८, १९६२ आणि १९९३ असं तीनदा नाकारलं, त्यामुळे बंगल्याशेजारी टायरचं दुकान, त्याच्याशेजारी वीस मजली टॉवर, त्याच्यासमोर चर्च, अगदी आपल्याकडच्यासारखं. मला ते आवडायचं हो. नवऱ्याला अजिबात नाही. फ्रिस्को २००० साली जेमतेम ३४ हजारांचं गाव होतं, २०२० ला दोन लाख, सगळंच नवं, सगळं एका रंगाच्या विटेचं, आणि पहिलं वर्षभर मी स्वतःच्याच कॉलनीत दोनदा चुकले. ट्रॅफिक दोन्हीकडे वाईट. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी २६ लेनचा आहे आणि तरी संध्याकाळी पाचला उभा असतो, त्यावर अजून काय बोलणार. डॅलसला निदान डार्टची लाइट रेल आहे, ९३ मैल, एअरपोर्टपर्यंत जाते, फक्त फ्रिस्कोला येत नाही, म्हणजे मला काडीचा उपयोग नाही.

नोकरीचं एका वाक्यात सांगायचं तर तेल, गॅस, हॉस्पिटल, बंदर यातले असाल तर ह्यूस्टन, सॉफ्टवेअर, टेलिकॉम, बँका यातले असाल तर डॅलस, आणि तेलाचा भाव पडला की ह्यूस्टनला शेजारीपाजारी हळू आवाजात बोलायला लागतात हे मी २०२० मधे डोळ्यांनी बघितलंय. डॅलसची अंडी अनेक टोपल्यांत आहेत. कॅन्सरसारखं काही दुर्दैवाने निघालंच तर डॅलसचे लोकही ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन हॉस्पिटलला जातात, हे लक्षात ठेवा, आई-बाबा सोबत राहणार असतील तर जास्तच.

आपली माणसं दोन्हीकडे भरपूर, मंडळं दोन्हीकडे, गणपती दोन्हीकडे दणक्यात, २०१९ चं बीएमएमचं, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, अधिवेशन डॅलसला झालं. क्रिकेटवेड्यांसाठी डॅलस, कारण ग्रँड प्रेरीचं स्टेडियम. ६ जून २०२४ ला तिथेच अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमधे हरवलं आणि ती ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. खाण्यात मात्र ह्यूस्टन, आणि यात मी कोणाचं ऐकणार नाही. हिलक्रॉफ्टला मिठाईपासून भांड्यांपर्यंत सगळं, बेलेअरला व्हिएतनामी लोकांची हॉटेलं, आणि मागच्या अंगणात अळू, जास्वंद, कढीपत्ता, काही जणांकडे तर आंबासुद्धा. माझं कढीपत्त्याचं झाड माझ्या उंचीच्या वर गेलं होतं, येताना मैत्रिणीला देऊन आले. इथे फ्रिस्कोत कुंडी आहे, नोव्हेंबर लागला की गॅरेजमधे, मार्चमधे बाहेर, दर वर्षी पानं गाळते आणि दर वर्षी मला वाटतं आता गेली.

भावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तासभर. त्याने ह्यूस्टन घेतलं, तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट, भाड्याने. मी आईला हे सांगत होते तेव्हा बाहेर पाइपने पाणी सोडत होते, व्हिडिओ कॉलवर तिला दिसलं. "तिथे झाडं कुठेयत गं?" झाडं नाहीत आई, घराला घालतेय. ती जरा थांबली आणि म्हणाली, "बरं, पण भिंत ओली नको करूस हो, बुरशी येईल."