साक्सायवामान

पेरू देशातील कुस्को शहराच्या उत्तरेला, डोंगरमाथ्यावर असलेले, इंका साम्राज्याच्या काळातील दगडी बांधकाम. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३,७०० मीटर. पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाच्या काळात काम सुरू झाले आणि पुढच्या राजांनी ते चालू ठेवले. पुढे पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिशांनी याला किल्ला म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. पण येथे धार्मिक विधी होत आणि कोठारेही होती, त्यामुळे नुसता किल्ला म्हणणे अपुरे ठरते.

एकावर एक अशा तीन टप्प्यांत चढत गेलेल्या नागमोडी भिंती हे येथील मुख्य आकर्षण. खालच्या भिंतीतील सर्वांत मोठ्या चुनखडकाच्या शिळेचे वजन शंभर टनांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. सांध्यांत चुना नाही की माती नाही. इंकांकडे लोखंड नव्हते, चाकाची गाडी नव्हती आणि लामा या ओझेवाहू जनावराच्या पाठीवर असले ओझे लादण्याचा प्रश्नच नव्हता. शिळा दोरखंडांनी माणसांनीच ओढल्या आणि त्याहून कठीण गोट्यांनी ठोकून घडवल्या. इंका चिऱ्यांच्या पृष्ठावर या ठोक्यांचे खळगे अजून दिसतात. कडेकडे येताना ते बारीक होत जातात, कारण सांधा जुळवताना कारागिराने लहान गोटा हाती घेतलेला असतो. ‘परग्रहवासीयांनी बांधले’ म्हणणाऱ्यांनी निदान हे खळगे तरी निरखावेत.

१५३६ मध्ये मांको इंका या राजाने स्पॅनिशांच्या ताब्यातील कुस्कोला वेढा घातला, तेव्हा ही जागा इंका सैन्याच्या ताब्यात होती. स्पॅनिशांनी ती परत घेताना त्यांचा सेनानी फ्रान्सिस्को पिझारो याचा सावत्र भाऊ ह्वान डोक्यात दगड लागून जबर जखमी झाला आणि पुढे त्यातच मेला. माथ्यावरच्या बुरुजावरून एका इंका सरदाराने शरण न जाता उडी घेतल्याची कथा पेरूत आजही सांगतात. वेढा उठल्यावर स्पॅनिशांनी ही वास्तू खाणीसारखी वापरली. उचलता येतील ते चिरे शहरातल्या चर्चसाठी आणि वाड्यांसाठी गेले. म्हणजे आज आपण पाहतो ते मुख्यतः कोणाला हलवता न आलेले दगड. माथ्यावरच्या बुरुजांचे फक्त पायेच राहिले. त्यांपैकी मुयुकमार्काचा वर्तुळाकार पाया १९३४ च्या उत्खननात उघडा पडला.

कुस्कोच्या मुख्य चौकातून सान क्रिस्तोबाल चर्चवरून चढण चढत पायी येता येते, टॅक्सीही मिळते. परिसरातल्या अनेक स्थळांसाठी चालणारे एकत्रित तिकीट लागते. विमानाने आल्या दिवशीच ही चढण चढू नये: विरळ हवेने डोके दुखते आणि धाप लागते. स्थानिक लोक यावर कोकाच्या पानांचा चहा पितात. भिंती पाहायला सकाळची किंवा उतरत्या दुपारची वेळ धरावी, तिरप्या उन्हात सांध्यांच्या सावल्या उठून दिसतात. समोरच्या सुचुना टेकडीवर गुळगुळीत खडकांच्या नैसर्गिक घसरगुंड्या आहेत, तिथे मुलांची गर्दी असते. मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम. २४ जूनला मधल्या पटांगणावर इंती रायमी हा सूर्योत्सव नाट्यरूपात साजरा होतो. ही आधुनिक प्रथा १९४४ पासूनची आहे; त्या दिवशी भिंती निवांत पाहण्याची आशा ठेवू नये.