मॅलॅट-१: कॅन्सर पसरवणारा की अडवणारा?

फुप्फुसाच्या कॅन्सरची गाठ लवकर सापडते, शस्त्रक्रियेने पूर्ण काढलीही जाते. तरी काही रुग्णांत आजार पुढे दुसऱ्या अवयवात डोके वर काढतो, काहींत काढत नाही. असे का, हे शोधताना जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या गाठी ताडून पाहिल्या. ज्या गाठी पुढे पसरल्या, त्यांत एक आरएनए (डीएनएतल्या मजकुराची पेशीने काढलेली प्रत) भरपूर होता आणि त्याच्यापासून कोणतेच प्रथिन बनत नव्हते. २००३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. मॅलॅट-१ तो हाच.

आपल्या डीएनएत प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत आणि प्रथिनांचा मजकूर डीएनएच्या २ टक्क्यांहूनही कमी जागेत मावतो. उरलेल्या भागाला बरीच वर्षे अडगळ समजले गेले. पण त्यातल्या पुष्कळ भागाच्याही आरएनए प्रती निघतात. २०० अक्षरांहून लांब आणि प्रथिन न बनवणाऱ्या अशा प्रतींना लाँग नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. त्यांतले काही कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, हे ठरवण्यात भाग घेतात. एक्सिस्ट नावाचा आरएनए स्त्रियांच्या पेशींतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर पसरतो आणि ते जवळजवळ पूर्ण गप्प करतो. दुसरे काही आरएनए एखाद्या प्रथिनाला धरून ठेवतात, म्हणजे ते जनुकापर्यंत पोहोचतच नाही. कॅन्सरमध्ये अशा आरएनएंचे प्रमाण बिघडले, की त्यांच्या हाताखालची जनुकेही भलत्या वेळी चालू-बंद होऊ लागतात.

मॅलॅट-१ सुमारे ८,००० अक्षरांचा. त्याचे जनुक ११व्या गुणसूत्रावर असते आणि तो स्वतः सहसा पेशीच्या केंद्रकातच राहतो. प्रथिनांचा मजकूर वाहून नेणाऱ्या बहुतेक आरएनएंच्या, म्हणजे संदेशवाहक आरएनएंच्या टोकाला ‘ए’ या अक्षराची लांब शेपटी असते, ती त्यांना टिकवते. मॅलॅट-१ला ती नाही. त्याचे टोक स्वतःभोवतीच वळून तीन पेडांची वेणी घातल्यासारखे घट्ट होते. आरएनए कुरतडणाऱ्या विकरांना तिथे शिरकाव मिळत नाही आणि मॅलॅट-१ केंद्रकात साठत जातो. मला या रेणूतला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

इतका मुबलक रेणू, तर त्याच्यावाचून प्राणी जगणार नाही असे वाटेल. २०१२ मध्ये तीन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे उंदरांतले हे जनुक निकामी केले. उंदीर धडधाकट जन्मले आणि वाढले. कॅन्सरमध्ये मात्र चित्र वेगळे दिसले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने स्तनाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना मॅलॅट-१ला चिकटून तो नष्ट करवणारे डीएनएचे छोटे तुकडे टोचले. फुप्फुसांत पसरणारा कॅन्सर घटला.

दोनच वर्षांनी ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधून नेमका उलटा निकाल आला. स्तनाचा कॅन्सर होणारे उंदीर त्याच प्रकारचे, पण इथे मॅलॅट-१चे जनुकच बंद केलेले. कॅन्सर जास्त पसरला. मॅलॅट-१ परत दिल्यावर पसरणे पुन्हा कमी झाले. त्यांच्या मते मॅलॅट-१ टीड या प्रथिनाला धरून ठेवतो. टीडची यॅप या प्रथिनाशी जोडी जमली, तर कॅन्सर पसरायला मदत करणारी जनुके चालू होतात. टीड अडकला, की जोडी जमत नाही.

दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले आहेत. पण आजारी प्राण्यातला आरएनए औषधाने कमी करणे वेगळे आणि जन्मापासूनच तो नसणे वेगळे. शिवाय डीएनएचा मोठा तुकडा कापला, तर शेजारच्या जनुकांची बटणेही त्याबरोबर जाऊ शकतात. म्हणूनच काढलेला आरएनए परत देऊन पाहणे मला फार मोलाचे वाटते. परिणाम उलटला, तर तो आरएनएचाच होता असे म्हणायला आधार मिळतो. या क्षेत्रात ही तपासणी सक्तीची असावी.

निदानासाठी मात्र एवढे कोडे सोडवावे लागत नाही. पीसीए-३ हा असाच आरएनए प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये खूप वाढतो. तो लघवीत मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मंजुरी दिली. आधीच्या बायोप्सीत काही न सापडलेल्या पुरुषाची पुन्हा बायोप्सी करायची का, हे ठरवायला डॉक्टरांना तिची मदत होते. त्यासाठी पीसीए-३ गुन्हेगार असण्याची गरज नाही, तो गुन्ह्याच्या जागी हजर असला तरी पुरते. मॅलॅट-१वर औषध द्यायचे, तर तेवढ्यावर भागणार नाही. समोरच्या रुग्णात तो कॅन्सरला पसरवतो आहे की अडवतो आहे, हे आधी कळावे लागेल.