स्टॅम्पपेपरनं लेकरू येत नाही

यवतमाळकडच्या पारावर अजून ऐकू येतं: नोटरीकडून स्टॅम्पवर दत्तकपत्र करून घ्या, लेकरू कुठल्याही देशाचं असो, आपलंच. साफ चूक.

परदेशातलं मूल दत्तक मिळतं ते त्या देशाच्या कायद्यानं. इकडून 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते, त्याआधी घरी येऊन पाहणी अहवाल लिहिला जातो. मूल त्याच्या मूळ देशाच्या पासपोर्टवर येतं. भारतीय नागरिकत्व आपोआप चिकटत नाही, त्यासाठी १९५५च्या नागरिकत्व कायद्याखाली वेगळा अर्ज करावा लागतो.

खरी कुजबुज मात्र सातबाऱ्याची. "परक्या रक्ताला वावर कसं?" भाऊबंद विचारतात, तेही बहुतेक स्वतःच्या बांधावर डोळा ठेवून. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे रीतसर दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क मिळतात.