मासेमारी बंदराची जागा-आखणी

मासेमारी बंदरातील धक्का, लिलावगृह, बर्फ कारखाना, डिझेल पंप, जाळ्यांच्या शेड आणि वाहनतळ यांच्या जागा ठरवण्याचे काम. मासळी बोटीतून गाडीपर्यंत एकाच दिशेने जावी आणि वाहनांनी तिची वाट कापू नये, हे यातले मुख्य सूत्र.

आधी धक्क्याची लांबी काढतात. समजा, ६० बोटी सहा तासांत मासळी उतरवणार आणि प्रत्येकीला दोन तास लागणार. मग एका जागेवर तीन बोटी होतात, म्हणजे एका वेळी २० बोटींची सोय हवी. बोट १५ मीटर आणि मधले अंतर २ मीटर धरल्यास धक्का ३४० मीटर लागतो. रिकामी झालेली बोट बर्फ, डिझेल, पाणी भरायला दुसऱ्या धक्क्यावर गेली तरच हा हिशेब टिकतो. ती तिथेच रेंगाळली की मागच्या बोटी खाडीत ताटकळतात आणि मासळीचा भाव उतरतो. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी साधारण साडेतीन ते पाच मीटर बदलते. त्यामुळे पायऱ्यांचा किंवा तरंगता धक्का नसेल तर ओहोटीला टोपल्या वर खेचाव्या लागतात.

लिलावगृह धक्क्यालगत, वाहनतळ त्याच्या पाठीमागे. धक्क्यावर ट्रक येऊच देऊ नयेत. एक आडवा उभा राहिला तरी सगळा लिलाव अडतो. लिलावगृहाची फरशी ट्रकच्या बाजूने सुमारे १ मीटर उंच ठेवली की क्रेट उचलावे लागत नाहीत, सरकवता येतात. १२ मीटर लांबीच्या ट्रकला मागे घेऊन लावण्यासाठी आवार सुमारे ३० मीटर लांब आणि प्रत्येक गाडीसाठी ३.५ मीटर रुंद लागते. गाड्यांतून बर्फाचे खारे पाणी गळते, म्हणून आवाराला उतार आणि वेगळे गटार हवे. हे पाणी बोटी उभ्या असतात तिथे सोडू नये.

नकाशात हमखास विसरल्या जातात त्या खलाशांच्या दुचाकी. बोट समुद्रात असेपर्यंत त्या दिवसेंदिवस तिथेच असतात, म्हणून त्यांना फाटकाजवळ छप्पर द्यावे. कोळणींच्या पाट्या नेणाऱ्या रिक्षा-टेम्पोंचा थांबा ट्रकच्या रांगेपासून दूर ठेवावा.

१८७५ मध्ये सुरू झालेली मुंबईची ससून गोदी मूळची व्यापारी मालासाठी, आज तिथे मासळी उतरते. जमिनीच्या बाजूने शहराने वेढल्यामुळे तिथे आवार वाढवायला वाव उरलेला नाही. नव्या बंदरात मात्र १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळात ट्रकचे रिकामे आवार होड्या ओढून शाकारायला वापरता येते, फक्त फरशी तेवढा भार पेलणारी आणि पाण्यात उतरणाऱ्या उताराला जोडलेली हवी.