शुद्ध हरपली तरी शरीराला जखम कळते

भूल दिलेला रुग्ण 'गाढ झोपला आहे' असे आपण सहज म्हणतो. पण झोपलेला माणूस हलवल्यावर जागा होतो, भूल दिलेल्याला मात्र शस्त्राची चीरही जागे करत नाही. प्रोपोफॉल, सेव्होफ्लुरेन यांसारखी औषधे चेतापेशींना शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव वाढवतात आणि त्यामुळे मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधला संवाद खंडित होतो. आवाज श्रवणकेंद्रापर्यंत पोहोचू शकतो, पण त्याचा अर्थ लावणे थांबलेले असते. केटामाइन वेगळ्या मार्गाने काम करते: चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचे काही ग्राही (ते रसायन जिथे जोडले जाते त्या पेशीवरील जागा) ते अडवते.

शुद्ध हरपणे आणि ताणापासून संरक्षण मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे फारसे सांगितले जात नाही. चीर पडताच तिथले संदेश मज्जारज्जूतून वर जातात, मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पियूषिका ग्रंथी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना चेतवतात, कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरके वाढतात आणि त्यांच्यापाठोपाठ नाडी, रक्तदाब आणि रक्तातील साखरही चढते. म्हणूनच भूलतज्ज्ञ फेंटानिलसारखे वेदनाशामक जोडीला देतात, किंवा कण्याजवळ औषध सोडून हे संदेश वाटेतच अडवतात. अर्थात हा प्रतिसाद पुरता दडपणेही घातक ठरते. एटोमिडेट हे औषध कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) रोखते. अतिदक्षता विभागातील जखमी रुग्णांना ते सतत दिल्यावर मृत्यू वाढल्याचे १९८३ मध्ये लक्षात आले आणि तेव्हापासून त्याचा असा दीर्घ वापर थांबला.

घरच्यांना खरी धास्ती असते ती स्मरणशक्तीची. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साठी ओलांडलेल्या सुमारे २६ टक्के रुग्णांची आकलनशक्ती आठवड्याभराने घटलेली आढळली. तीन महिन्यांनी हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. याचा दोष केवळ भुलीच्या औषधांवर टाकणे मला योग्य वाटत नाही, कारण जखमेमुळे होणारा दाह, वेदना, मोडलेली झोप आणि आधीपासूनचा विसरभोळेपणा यांचाही त्यात वाटा असतो. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियांवरील २०२१ च्या दोन मोठ्या चाचण्यांत, पूर्ण भुलीऐवजी कण्यातून भूल दिल्याने शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम कमी झाला नाही. संभ्रम टाळण्यासाठी उपयोगी पडणारे उपाय अगदी साधे आहेत: वेदना आटोक्यात ठेवणे, रात्रीची झोप जपणे, लवकर हालचाल सुरू करणे आणि शुद्धीवर येताच वृद्धाचा चष्मा व श्रवणयंत्र त्याला परत देणे.